मागची सीट

तीन आठवडे झाले, एक वाक्य डोक्यातून जात नाहीये. ते माझ्याच तोंडचं आहे, म्हणून जास्त टोचतं. जेवणं आटोपली होती, टेबल पुसून झालं होतं आणि दादा नेहमीसारखा लॅपटॉप उघडून बसला होता. पोर्शेच्या संकेतस्थळावर आपली गाडी आपणच जुळवून बघता येते. आधी व्हेरिएंट निवडायचा, मग रंग, मग चाकं, मग शिलाईच्या दोऱ्यापर्यंत सगळं. आणि दर क्लिकला समोरची गाडी बदलत जाते. आयुष्यात एकदा तरी नवी कोरी ९११, म्हणजे पोर्शेची ती नावाजलेली स्पोर्ट्स गाडी, घ्यायची हे दादाने फार वर्षांपूर्वी ठरवलेलं, आणि आता ती वेळ आली आहे. त्या रात्री आम्ही दोघं शेजारी बसून एकेक रकाना भरत होतो. खाली सरकता सरकता मागच्या सीटचा रकाना आला. हल्लीच्या ९११ कूपेला, म्हणजे पक्क्या छताच्या गाडीला, मागच्या सीट मुळात नसतात. हव्या असतील तर जादा पैसे न घेता बसवून देतात, पण तसं सांगावं लागतं. कर्सर त्या चौकोनावर गेला आणि तिथेच थांबला. "आता मागे बसायला आहे कोण," दादा म्हणाला. माझ्याकडे बघून नाही, स्क्रीनकडे बघून. त्याची मुलगी, माझी भाची, दोनच महिन्यांपूर्वी शिकायला होस्टेलवर गेली आहे. आणि मी, एक क्षणही न थांबता, म्हणाले, "मग प्रश्नच मिटला. जीटी थ्री घे." जीटी थ्री म्हणजे ९११चाच शर्यतीकडे झुकलेला, मागे सीट नसणारा प्रकार.

दादाने मान हलवली, "बघू" म्हणाला, आणि लॅपटॉप मिटला.

माझं उत्तर चूक होतं असं मला अजूनही म्हणवत नाही. गाडी म्हणून विचाराल तर जीटी थ्रीच. पण त्याने प्रश्न गाडीचा विचारलाच नव्हता, आणि मी मात्र हातातला पत्ता आपटावा तसं उत्तर टाकून मोकळी झाले होते.

पत्ता म्हणते आहे तेही उगाच नाही. लहानपणी आमच्याकडे गाड्यांच्या पत्त्यांचा एक कॅट होता. वर गाडीचा फोटो, खाली आकडे: इंजिन किती लिटरचं, अश्वशक्ती किती, ताशी वेग किती, वजन किती. एकाने आपल्या पत्त्यावरचा एक आकडा पुकारायचा, दुसऱ्याने त्याच रांगेतला आपला सांगायचा, मोठा आकडा जिंकायचा. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. त्याला अख्खा कॅट पाठ, त्यामुळे मी सतत हरायचे. आणि हरून हरून मलाही तो पाठ झाला. त्यातला माझा लाडका पत्ता ९११ टर्बोचा होता. ३.३ लिटर, ३०० अश्वशक्ती. मागे तो रुंद पंख, चाकांवर फुगलेले मडगार्ड. पत्त्याचा एक कोपरा दुमडून पांढरा पडला होता, त्यामुळे तो कुणाच्या हातात आहे हे पाठीमागूनही ओळखू यायचं. 'तीनशे!' असं ओरडण्यात जो आनंद होता, तसा पुढे फार थोड्या गोष्टींनी दिला. पुढे दादाने त्याची पहिली ९११ घेतली, जुनी, आधी कुणीतरी वापरलेली. पाण्याने थंड होणारं इंजिन ज्या ९९६ पिढीत पहिल्यांदा आलं, त्यातली साधी कॅरेरा, ३.४ लिटरची. कागदपत्रं बघताना मी बोट ठेवून त्याला दाखवलं, अश्वशक्ती ३००. आमच्या पत्त्यावर जो आकडा सगळ्यांच्या वरचा होता, तोच वीस वर्षांत सगळ्यात खालच्या पायरीवर येऊन उभा होता. दोघंही खूप वेळ त्या आकड्याकडे बघत राहिलो होतो. आकड्यांची हाव कशी असते ते मला तेव्हाच कळायला हवं होतं. मी मात्र आता सगळ्यात वरचा आकडा काय आहे ते शोधायला घेतलं.

नव्या गाड्या त्याने निवडीसाठी तीनच ठेवल्या होत्या, तिन्ही ९११चेच प्रकार: कॅरेरा टी, जीटीएस आणि जीटी थ्री. तिन्ही चालवून बघायला मी बरोबर गेले होते.

पहिली टी. दार लावलं की आवाज पातळ येतो, कारण काच हलकी आणि आवाज अडवणारं अस्तर कमी. गिअरच्या दांड्याला अक्रोडाच्या लाकडाचा गोळा, हाताला कोमट लागणारा. धातूच्या गोळ्यासारखा आधी गार नि मग तापलेला नाही. सहा गिअर, आणि ते सगळे आपल्यालाच टाकायचे. मागच्या बाजूच्या काचेवर गिअरचा नकाशा एवढासा रेखाटलेला असतो, हे मी बाहेरून गाडीभोवती फिरताना बघितलं आणि त्या गाडीविषयी मला एकदम माया वाटली. तीन पायडल आहेत, हे ती स्वतःहून सांगत होती. ३९४ अश्वशक्ती. चढावर दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना क्लच किंचित लवकर सुटला आणि गाडीने एक हलका हिसका दिला. दादा स्वतःशीच 'सॉरी' म्हणाला. गाडीला सॉरी म्हणणारा माणूस मी बरेच दिवसांनी बघितला.

जीटीएसचं मी थोडक्यात सांगते. ५४१ अश्वशक्ती, आणि थांबल्या जागेवरून तीन सेकंदांत ताशी शंभर. तिचा टर्बो, म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंखा, विजेची मोटरही फिरवते, त्यामुळे एक्झॉस्टचा जोर वाढेपर्यंत वाट बघावी लागत नाही. गिअरबॉक्समध्ये आणखी एक मोटर आहे ती वेगळीच. ॲक्सिलरेटरवर पाय ठेवला की डोकं मागे टेकतं. असा पिकअप मी याआधी अनुभवलेला नव्हता. अभियांत्रिकी म्हणून तिन्हींत ती पुढची आहे, याबद्दल माझ्या मनात काही शंका नाही. पण उतरल्यावर दादाने विचारलं, "काय वाटलं?" तर मला सांगण्यासारखं काही आठवेना. सगळं तिनेच केलं होतं.

आणि मग जीटी थ्री. सुरू केली तेव्हा मागून खडे भरलेला डबा हलवावा तसा आवाज आला. टर्बो नाही, विजेची मदत नाही, चार लिटरचं इंजिन आपल्या बळावर हवा ओढतं आणि मिनिटाला नऊ हजार फेऱ्यांपर्यंत जातं. चार हजारांपर्यंत ती खडखड चालूच होती. पाच हजारांच्या पुढे ते खडे कुठेतरी विरघळले आणि सगळ्याची मिळून एक रेघ झाली, आणि ती रेघ वर वर जायला लागली. रस्ता मोकळा होता. दादाने दुसऱ्या गिअरमध्ये पाय दाबून धरला. सात हजार. आठ हजार. माझ्या हातावर काटा आला होता; आवाज कानांत होता का छातीत होता ते सांगता येत नव्हतं. नऊ हजारांच्या आधीच त्याला पाय उचलावा लागला, कारण दुसऱ्याच गिअरमध्ये गाडी शंभराच्या बरीच पुढे गेली होती. वर आणखी चार गिअर शिल्लक होते. आम्ही दोघं पुढची पाच मिनिटं काहीच बोललो नाही.

घरी येऊन मी आकडे मांडले, जित्याची खोड. आणि एका ठिकाणी अडखळले. जीटी थ्रीची अश्वशक्ती ५१०, टीची ३९४; पण टॉर्क दोन्हींचा ४५० न्यूटन मीटर. अगदी सारखा. इंजिनाचा पीळ देणारा जोर तोच, मग शंभरावर अश्वशक्तीचा फरक येतो कुठून? येतो फेऱ्यांतून. ताकद म्हणजे पीळ गुणिले वेग. तोच पीळ मिनिटाला जितक्या जास्त फेऱ्यांपर्यंत टिकवून धराल, तितकी अश्वशक्ती वाढते. टीचा टर्बो हवा कोंबून देतो, म्हणून तो ४५० दोन हजार फेऱ्यांवरच हाताशी येतो. जीटी थ्रीला त्यासाठी सहा हजारांच्या पुढे जावं लागतं. एकीत तो तळमजल्यावर मिळतो, दुसरीत जिने चढून जायचं. आणि त्या चढण्यातच सगळी गंमत आहे, हे मी त्या दिवशी दुसऱ्या गिअरमध्ये अनुभवलं होतं. पण रोजच्या रस्त्यावर माणूस त्या जिन्याच्या किती पायऱ्या चढणार? आणि थांबल्या जागेवरून शंभर गाठण्यात तर जीटीएस जीटी थ्रीलाही मागे टाकते. म्हणजे आमचा जुना कॅट आज काढला असता, तर अश्वशक्ती पुकारली काय किंवा पिकअप पुकारला काय, जीटी थ्रीचा पत्ता जीटीएससमोर हरला असता. ज्या गाडीने मला गप्प केलं, तिला गप्प करण्याबद्दल एकही आकडा मिळालेला नाही.

या सगळ्या अक्षरांची मला पहिल्यापासून ओढ आहे. ९११ला वरची आणि खालची भावंडं साठीच्या दशकातच आली: आधी १६० अश्वशक्तीची एस, आणि तिच्यामागोमाग ११० अश्वशक्तीची टी. पण माझं मन नेहमी १९७२ सालात जाऊन अडकतं. शर्यतीच्या नियमांसाठी कंपनीला कॅरेरा आरएस २.७ या गाडीच्या पाचशे प्रती विकायच्या होत्या. २१० अश्वशक्ती, मागे बदकाच्या शेपटीसारखा उचललेला पंख. ती दोन प्रकारांत मिळायची. स्पोर्ट प्रकारात जे जे काढता येईल ते काढलं होतं: मागच्या सीट, गालिचे, घड्याळसुद्धा, दाराच्या आतल्या मुठीऐवजी कापडाची पट्टी. वजन भरलं ९६० किलो. टूरिंग प्रकारात या गोष्टी परत बसवल्या होत्या, वजन १०७५ किलो. पाचशेच्या जागी दीड हजारांवर गाड्या गेल्या, आणि त्यांतल्या जेमतेम दोनशे स्पोर्ट होत्या. तेराशेच्या वर टूरिंग. त्या तेराशे गिऱ्हाइकांचा मला लहानपणी राग यायचा. जगातली इतकी हलकी गाडी दारात येत असताना घड्याळ नि गालिचा मागणारी माणसं! आज संग्राहक ज्या दोनशे गाड्यांच्या मागे धावतात, त्या तेव्हा या लोकांना नको होत्या. मला वाटायचं, यांना गाडी कळलीच नव्हती.

त्या यादीत मागच्या सीटही होत्या, हे मी इतकी वर्षं वाचून सोडून दिलं होतं.

दादाच्या जुन्या कॅरेराची मागची सीट म्हणजे खरं तर सीट नव्हेच. मधे उंचवटा आणि दोन बाजूंना दोन वाटीसारखे खळगे, पाठ जवळजवळ उभी. मोठ्या माणसाने तिथे बसायचं म्हणजे मान कलती आणि गुडघे हनुवटीपाशी. पण लहान मुलाच्या मापाची जागा ती नेमकी. भाची चार वर्षांची असल्यापासून तिथे बसत आली. डाव्या खळग्यात ती, उजव्या खळग्यात तिचं दप्तर. त्या जागेला एक वास होता: तापलेल्या चामड्याचा, थोडा तेलाचा आणि तिने कधीतरी सांडलेल्या दुधाचा, जो कितीही पुसलं तरी उन्हाळ्यात परत यायचा. ९११चं इंजिन मागच्या आसाच्याही मागे असतं, म्हणजे तिच्या पाठीशी एक पडदी आणि त्यापलीकडे सहा सिलिंडर. पुढे बसून आम्हाला जे ऐकू यायचं ते छतावरून घरंगळत आलेलं. तिला मात्र ते पाठीच्या कण्यातून कळायचं. सहा-सात वर्षांची असताना तिने एक खेळ शोधून काढला होता. डोळे मिटून बसायची आणि गिअर सांगायची. "दुसरा. आत्या, आता तिसरा. परत दुसरा, पुढे वळण आलं." तिचं कधी चुकायचं नाही. दादा मुद्दाम तिसरा गिअर चुकवून दुसऱ्यातून थेट चौथ्यात जायचा, तेव्हा मागून किंचाळणं यायचं, "बाबा, चीटिंग!" बाराव्या वर्षी ती आडवी बसायला लागली, पाय दुसऱ्या खळग्यात सोडून. सोळाव्या वर्षी पुढे माझ्या जागी ती आली आणि मागे तिची बॅग गेली. वहिनी म्हणायच्या, आता मोठी गाडी घ्या, पोरीची मान मोडेल. दादाने ती गोष्ट कधी मनावर घेतली नाही, आणि भाचीनेही नाही.

हे सगळं मला माहीत होतं. मी तिथे होते. तरी तो कर्सर त्या चौकोनावर थांबला तेव्हा मला त्यातलं काहीच दिसलं नाही. दिसलं ते एवढंच की आता मागच्या सीटची अडचण उरली नाही, म्हणजे वजन कमी, म्हणजे जीटी थ्री. सहा वर्षांनी धाकटी असणं माणसाला किती वर्षं पुरतं कोण जाणे. दादाबरोबर गाड्यांचा विषय निघाला की मी अजून त्या कॅटसमोर मांडी घालून बसलेली असते आणि मला जिंकायचं असतं.

मग मी तेच केलं जे मला येतं, वाचत बसले. जीटी थ्री १९९९ साली आली. तेव्हापासून ती म्हणजे मागे सीट नसलेली गाडी. तिथे फार तर शर्यतीचा पिंजरा, नाहीतर रिकामा गालिचा. पुढे तिचाही टूरिंग प्रकार निघाला, मोठा पंख काढून टाकलेला, शांत चेहऱ्याचा. आणि २०२४च्या अखेरीस जी नवी आली, तिच्या टूरिंगमध्ये पहिल्यांदाच मागच्या सीट मागून घेता येतात. तेच नऊ हजारांचं इंजिन, आणि मागे दोन खळगे. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. तरी मी दादाला फोन लावला. त्याने पहिल्या रिंगला उचलला, म्हणजे तोही जागाच होता.

"दादा, टूरिंगला मागच्या सीट मिळतात."

"माहितीये," तो म्हणाला. थोडा वेळ दोघं गप्प. मग म्हणाला, "मी दोन्ही जुळवून ठेवल्यात. टी आणि ती. दोन्हींत टाकल्यात."

"त्या दिवशी मी पटकन बोलून गेले."

"अगं, तू आवाजाबद्दल बोललीस. मलाही तो आवाज हवाच आहे." पुन्हा गप्प. "पण टीचा तो लाकडी गोळाही डोक्यातून जात नाही."

कुठली घेणार ते त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. माझं मत विचाराल तर जीटीएसचं नाव मी केव्हाच खोडलं आहे, पण राहिलेल्या दोघींत मी रोज बाजू बदलते. सकाळी वाटतं, जी गाडी दुसऱ्या गिअरमध्येच कायद्याच्या बाहेर जाते तिच्या आठ-नऊ हजारांचा आनंद महिन्यातून किती वेळा मिळणार. टीमध्ये निदान घरापासून कोपऱ्यापर्यंत जाऊन आलं तरी गाडी चालवल्यासारखं वाटेल. रात्री त्या मोकळ्या रस्त्यावरची ती चढत गेलेली रेघ आठवते आणि वाटतं, महिन्यातून एकदा का होईना.

परवा भाची सुट्टीवर आली. दादाने काही न बोलता जुन्या कॅरेराची किल्ली तिच्या हातात दिली. ती चालवायला बसली, तो शेजारी, आणि मी पुढची सीट ढकलून मागे शिरले. डाव्या खळग्यात. गुडघे खरोखरच हनुवटीपाशी आले. तो वास अजून होता, पण फार विरळ. तिने किल्ली फिरवली आणि माझ्या पाठीमागे सहा सिलिंडर जागे झाले. इतक्या वर्षांत या जागेवरून ही गाडी मी कधी ऐकलीच नव्हती. पुढून जो आवाज एक वाटतो तो मागे दोन असतात, एक खालून येणारा घुमा आणि एक वरचा, बारीक. गिअर बदलताना बारीक आधी थांबतो आणि घुमा मागून. ती सावकाश चालवत होती, बापासारखीच, वळणाआधी किंचित लवकर पाय काढून. मी डोळे मिटले. घुमा खाली बसला, बारीक तुटला, परत सुरू झाला.

"तिसरा," मी म्हणाले.

"दुसराच आहे, आत्या," पुढून आवाज आला. "अजून थांब जरा."